छोटी पांढरी गोळी

“काकू, बीपीची कुठली गोळी चालू आहे?”

“ती हो, छोटी पांढरी.”

गिरगावापासून मुलुंडपर्यंत कुठल्याही दवाखान्यात, कुठल्याही केमिस्टच्या काउंटरवर हा संवाद रोज होतो. उत्तर देणाऱ्या काकू अडाणी नसतात. महिलांचा डबा प्लॅटफॉर्मवर नेमका कुठे थांबतो हे त्या डोळे मिटून सांगतील, भिशीचा हिशोब त्यांना तोंडपाठ असतो. फक्त आठ वर्षं रोज पोटात जाणाऱ्या गोळीचं नाव त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि त्यांनीही विचारलेलं नसतं.

छोट्या पांढऱ्या गोळ्या केमिस्टच्या खणांत ढिगाने असतात. ॲम्लोडिपिन बहुतेक वेळा तशीच दिसते, ॲटेनोलॉलही अनेकदा तशीच, थायरॉइडच्या कितीतरी गोळ्याही तशाच. पण ॲम्लोडिपिन एखाद्या दिवशी राहिली तर लगेच काही बिघडत नाही, कारण ती शरीरातून हळूहळू उतरते. निम्मं औषध बाहेर पडायलाच ३० ते ५० तास जातात. ॲटेनोलॉल एकदम बंद केली तर हृदय धडधडायला लागतं, हृदयविकार असलेल्याला छातीत दुखू शकतं. क्लोनिडिन नावाची गोळी अचानक थांबवली तर एक-दोन दिवसांत रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर उसळी घेतो. “दोन दिवस गोळी राहून गेली” या एका वाक्याचे अर्थ असे गोळीगणिक बदलतात. नाव माहीत नसेल तर समोरच्या डॉक्टरांच्या हाती अंदाजच उरतो.

आपली बोलण्याची रीतही इथे थोडा घोळ घालते. ‘मला बीपी आहे’ असं आपण म्हणतो; रक्तदाब तर प्रत्येक जिवंत माणसाला असतो, तो किती आहे एवढाच प्रश्न. ‘बीपीचा त्रास’ म्हणतो, आणि त्रास जाणवत नसला की आजारही नाही अशी मनाची समजूत होते. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीही जाणवू देत नाही. डोकं दुखणं, मान धरणं, चिडचिड होणं यांवरून तो ओळखता येत नाही. वरचा आकडा १७० असलेला माणूस विरार फास्टमध्ये उभ्याउभ्या पेंगत असतो आणि ११८ असलेल्याचं डोकं ठणकत असतं. मधल्या काळात रक्तवाहिन्या ताठर होत जातात, जास्त दाबाविरुद्ध पंप करून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या निकामी होऊ लागतात. कळतं तेव्हा ते बऱ्याचदा अर्धांगाच्या किंवा हार्ट अटॅकच्या रूपाने कळतं.

आणि मग ती ‘गोळी लागली’. मराठीत तहान लागते तसं वेडही लागतं आणि व्यसनही लागतं. त्यामुळे ‘त्यांना बीपीची गोळी लागली’ म्हटलं की ती ऐकणाऱ्याच्या मनात तंबाखू-दारूच्या रांगेत जाऊन बसते. “एकदा सुरू केली की जन्माची लागेल, म्हणून शक्य तेवढी टाळतोय” हे वाक्य त्यातूनच येतं. या गोळ्यांची चटक लागत नाही. त्या जन्मभर घ्याव्या लागतात, कारण रक्तदाब वाढवणारी कारणं, म्हणजे वय, आनुवंशिकता, ताठरलेल्या वाहिन्या, जन्मभर तिथेच असतात. तीन महिन्यांनी मोजल्यावर १२६/७८ आलं की “आता नॉर्मल झालं, गोळी कशाला?” असा प्रश्न येतो. तो १२६ गोळीने आणलेला असतो. जुलैच्या पावसात छत्रीखाली अंग कोरडं आहे म्हणून कुणी छत्री मिटत नाही. वजन बरंच उतरलं, मीठ आणि दारू कमी झाली तर डोस कमी होऊ शकतो, क्वचित गोळी सुटूही शकते. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने आणि घरी मोजत मोजत.

मोजण्याबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण बरीच गडबड तिथेच होते. माणूस स्टेशनवरून पुलाचे जिने चढून-उतरून भराभर चालत येतो. नेमका नंबर लगेच लागतो. स्टुलावर टेकतो, पाठीला आधार नाही, बाही वर गुंडाळून दंडात आवळलेली, हात लोंबकळलेला, आणि वर “यंदा गणपतीला कधी निघताय?” अशा गप्पा. अशा वेळी मशीनने १५२ दाखवलं तर त्यातले किती अंक त्या माणसाचे आणि किती जिन्याचे, हे सांगता येत नाही.

मोजायचं असेल तर आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, तंबाखू, मशेरी, व्यायाम यांतलं काही नको. लघवीला जाऊन यायचं; तुंबलेली लघवी आकडा हमखास वर नेते. पाठ टेकेल अशा खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसायचं, मोबाइलसुद्धा बाजूला. तळवे जमिनीवर, पायावर पाय नाही. दंड उघडा, पट्टा कोपराच्या वळणापासून दोन-तीन सेंटिमीटर वर आणि आत दोन बोटं सरकतील इतपत सैल. हात टेबलावर असा टेकवायचा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. यात लाड काही नाहीत, साधं पदार्थविज्ञान आहे: दंड त्या पातळीच्या १० सेंटिमीटर खाली राहिला तर तेवढ्या रक्ताच्या उंचीचं वजन आकड्यात मिसळतं आणि रीडिंग ७-८ अंकांनी वाढतं. एवढ्या फरकावर एक गोळी सुरू होऊ शकते.

पट्ट्याचं मापही पाहायला हवं. घरच्या मशीनसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. शिवणकामाच्या टेपने दंड मोजा. घेर त्याहून जास्त असेल तर मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा लागतो, नाहीतर तोकडा पट्टा आकडा फुगवून दाखवतो. मशीन दंडावर लावायचंच घ्यावं, मनगटाचं टाळावं. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा, ज्यावर जास्त येईल तो हात पुढे कायम ठेवा. वर्षातून एकदा मशीन दवाखान्यात घेऊन जा आणि तिथल्या मशीनशी ताडून पाहा.

नवी गोळी सुरू होताना किंवा डोस बदलताना सात दिवसांची नोंद सर्वांत उपयोगी. सकाळी गोळीच्या आधी दोनदा, संध्याकाळी जेवणाआधी दोनदा, मध्ये एका मिनिटाचं अंतर. पहिला दिवस सोडून द्यायचा आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही जशी रेषा, तशी घरी १३५/८५. दोहोंपैकी एक आकडा ओलांडला तरी तो वाढलेलाच. काहींचा रक्तदाब फक्त डॉक्टरसमोर वाढतो, काहींचा उलट दवाखान्यात शहाण्यासारखा वागतो आणि घरी-कामावर चढलेला असतो. हे दुसरे लोक जास्त धोक्यात असतात, कारण त्यांना कुणी गोळीच देत नाही. वहीत जे येईल ते लिहा. जास्त आलेलं रीडिंग ‘हे चुकून आलं’ म्हणून गाळण्याचा मोह फार मोठा असतो, आणि तो मोह डॉक्टरांना चुकीच्या निर्णयावर नेतो.

तपासणीच्या सकाळी होणारी एक चूक मला फार खुपते. रक्त द्यायला उपाशीपोटी जायचं म्हणून बीपीची गोळीही घेतली जात नाही. मग तिथेच रक्तदाब मोजला की तो चढलेला असतो, आणि कागदावर डोस वाढतो. उपाशी तपासणीला बीपीची गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यायला सहसा हरकत नसते (मधुमेहाच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्या उपाशीपोटी घेऊ नयेत). गोळी राहिली असेलच तर मोजण्याआधी तसं सांगा. एकादशी, चतुर्थी, नवरात्र यांतही गोळी पाण्याबरोबर घ्यावी. निर्जळी उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं, विशेषतः लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर.

आता गोळ्यांची घराणी. ती मोजकीच आहेत आणि नावाच्या शेपटीवरून ओळखता येतात. ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन, निफेडिपिन हे ‘डिपिन’. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन हे ‘सार्टन’. एनालाप्रिल, रॅमिप्रिल हे ‘प्रिल’. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल हे ‘लॉल’. आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या: क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायाझाइड, इंडापामाइड. एवढी नावं ओळखीची झाली की स्ट्रिपवरचं मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव सोडून खालच्या बारीक अक्षरांकडे नजर जायला लागते, आणि खरी माहिती तिथेच असते.

डिपिनने घोट्यांना सूज येऊ शकते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, मोज्याची खूण उमटते. ॲम्लोडिपिनच्या १० मिलिग्रॅमवर ५ पेक्षा जास्त, बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आणि उभ्याने प्रवास व उभ्याने काम असेल तर आणखी. “किडनी गेली वाटतं” म्हणून घरात घबराट उडते. ही सूज अंगातलं एकूण पाणी वाढून आलेली नसते. लहान धमन्या सैल पडतात, शिरा तितक्या सैल पडत नाहीत, म्हणून मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी ऊतींमध्ये झिरपतं. त्यामुळेच नुसती लघवीची गोळी वाढवून ती सहसा उतरत नाही. डोस कमी करणं, सिल्निडिपिनकडे वळणं किंवा सोबत सार्टन जोडणं हे डॉक्टरांकडचे उपाय आहेत. एकाच पायाला दुखरी सूज असेल किंवा सुजेबरोबर दम लागत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

सार्टनची ओळख मुंबईकराने पावसाळ्यात करून घ्यावी. टेल्मिसार्टन हवेतला दमटपणा ओढून घेते. सोमवार ते रविवार असे खण असलेल्या डबीत आठवड्याभराच्या गोळ्या काढून ठेवण्याची सवय एरवी चांगली, पण ही गोळी खाण्याच्या क्षणापर्यंत पाकिटातच राहू द्यावी. स्ट्रिप कात्रीने कापून तिचे सीलबंद चौकोन डबीत ठेवले तरी चालतं, मात्र कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा टाकून देऊ नका. सार्टन किंवा प्रिल सुरू झाल्यावर, डोस वाढल्यावरही, काही आठवड्यांत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं. ‘एवढी गोळी खाऊन झाल्यावर तपासण्या कशाला’ म्हणून ही पायरी फार वेळा गळते. गरोदरपणात ही दोन्ही घराणी चालत नाहीत. मूल हवं असेल तर आधीच सांगून औषध बदलून घ्यावं. प्रिलने काहींना कोरडा, ठसक्यासारखा खोकला लागतो आणि कफ सिरपच्या बाटल्या संपल्या तरी तो जात नाही. गोळी बदलली की काही आठवड्यांत थांबतो. ओठ किंवा जीभ सुजली तर ती तातडीची बाब समजावी.

लघवीच्या गोळीवर या शहराचा एक स्वतंत्र अन्याय आहे. सकाळी सातला गोळी, साडेसातला गाडी, पुढचा दीड तास लोकलमध्ये, आणि उतरल्यावर बायकांना वापरता येईल असं स्वच्छतागृह सापडेलच याची खात्री नाही. म्हणून कितीतरी जणी कामाच्या दिवशी ही गोळी टाळतात आणि पाणीही कमी पितात. त्यांना निष्काळजी म्हणणं मला अजिबात पटत नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावं, कारण तोडगा निघतो. लघवीचा जोर पहिल्या दिवसांत जास्त असतो, पुढे तो ओसरतो आणि रक्तदाब उतरवण्याचं काम चालू राहतं. वेळही बदलता येते. सकाळची गोळी चांगली की रात्रीची, यावर २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात हार्ट अटॅक, अर्धांग, मृत्यू यांत काही फरक दिसला नाही. म्हणजे जी वेळ पाळली जाईल ती चांगली. लघवीच्या गोळीने म्हाताऱ्या माणसांत सोडियम उतरू शकतं. आजोबा अचानक गोंधळल्यासारखे बोलू लागले, तोल जाऊ लागला तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी रक्त तपासा. जुलाब-उलट्या चालू असताना लघवीची गोळी आणि सार्टन-प्रिल तशीच घेत राहिल्यास मूत्रपिंडांवर ताण येतो, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारावं.

लॉल हे घराणं हृदयविकार, हार्ट फेल्युअर, ठोक्यांचे आजार यांत मोलाचं आहे, नुसत्या रक्तदाबासाठी आज सहसा पहिलं निवडत नाहीत. दमा असेल तर आधी सांगा.

एकाची दोन औषधं झाली की “आजार वाढला” असं वाटतं. एका गोळीचा डोस दुप्पट केला तरी परिणाम दुप्पट होत नाही, दुष्परिणाम मात्र बरेच वाढतात. दोन घराण्यांची थोडी थोडी मात्रा जास्त काम करते. म्हणून ॲम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० एकाच गोळीत येतात, आणि २०१९ पासून अशा जोडगोळ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. यातच एक सापळा आहे. कंपनीच्या नावापुढे ‘एएम’ असेल तर बहुधा ॲम्लोडिपिन जोडलेली असते, ‘एच’ म्हणजे बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड, ‘एटी’ म्हणजे बहुधा ॲटेनोलॉल. ‘एएम’ म्हणजे सकाळी असा अर्थ नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी जोडगोळी दिलेली, गुडघ्यासाठी गेल्यावर दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळ्या कंपनीची नुसती ॲम्लोडिपिन लिहिलेली, आणि घरात दोन्ही इमानाने चालू. आठ दिवसांत पाय सुजतात, उठताना चक्कर येते, आणि दोष ‘ॲलोपॅथीच्या गरमीला’ मिळतो.

गुडघ्याचा विषय निघालाच आहे तर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि बीपीच्या गोळ्यांची धार बोथट करतात. सार्टन किंवा प्रिल, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, असा तिघांचा संगम मूत्रपिंडांना घातक ठरू शकतो. सर्दीच्या गोळीतलं फिनाइलएफ्रिन, खोकल्यासाठी महिनोन्महिने चघळलेलं ज्येष्ठमध, ॲसिडिटीची पाण्यात फसफसणारी सोडायुक्त पावडर हे सगळं आकड्यात उतरतं. यांतलं काहीच बीपीच्या चिठ्ठीवर नसतं, म्हणून तपासणीला जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्यावीत.

‘नैसर्गिक, म्हणजे अपाय नाही’ हे मुंबईत तरी कुणी म्हणू नये. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी इथल्याच केईएम रुग्णालयातून सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरचे परिणाम १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले आणि साऱ्या जगाचं लक्ष तिकडे वळलं. १९५७ मध्ये त्यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मुळीतून निघालेलं रिसर्पिन हे पुढे वर्षानुवर्षं वापरलं गेलं. आणि त्याच्या मोठ्या डोसने काही रुग्णांना गाढ खिन्नता आली, हेही त्याच इतिहासात आहे. जी मुळी रक्तदाब उतरवू शकते ती औषध आहे, म्हणून तिलाही डोस आहे, दुष्परिणाम आहेत आणि चालू गोळ्यांशी तिचं भांडण होऊ शकतं. सर्पगंधा असलेला काढा किंवा गोळी घेत असाल तर लपवू नका.

मिठाबद्दल लोकांना माहीत असतं, हिशोब मात्र चुकतो. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, तोही पोळी-भाजी, आमटी, पाव, फरसाण, पापड, लोणचं, सुकट-बोंबील सगळं धरून. “आम्ही वरून मीठ घेत नाही” याने ताटातलं सुकं बोंबील अळणी होत नाही. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. बऱ्याच जणांना ते फायद्याचं, पण मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा सार्टन-प्रिल चालू असेल तर विचारल्याशिवाय आणू नये.

रात्री अचानक १८५/११० आलं तर? छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, दिसेनासं होणं, यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. यांतलं काहीच नसेल तर पाच-दहा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा, आजची गोळी राहिली आहे का ते आठवा, आणि आकडा खाली येत नसेल तर डॉक्टरांना फोन करा. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली कधीही घालू नका. रक्तदाब धाडकन कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो, आणि जे टाळायचं होतं तेच ओढवतं. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नसते.

गणपतीला गावी निघताना सामानाच्या यादीत गोळ्या सहसा शेवटी येतात. जितके दिवस राहायचं त्यापेक्षा आठवड्याच्या गोळ्या जास्त घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा. तिथल्या केमिस्टकडे आपल्या कंपनीची गोळी नसेल तर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम दाखवून तेच दुसऱ्या कंपनीचं घेता येतं. जनऔषधी केंद्रातही ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन याच नावांनी मिळतात आणि पुष्कळ स्वस्त पडतात.

त्यासाठी एक चिठ्ठी लागते. लोकलच्या पासच्या पाकिटात मावेल एवढी. तिच्यावर असं लिहा: टेल्मिसार्टन ४०, सकाळी एक. ॲम्लोडिपिन ५, सकाळी एक. क्लोरथॅलिडोन ६.२५, संध्याकाळी घरी आल्यावर एक. खाली गेल्या सात दिवसांची सरासरी, शेवटचं क्रिएटिनिन-पोटॅशियम, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आणि चिठ्ठी लिहिल्याची तारीख. डोस बदलला की जुनी फाडून नवी लिहायची. तशीच दुसरी फ्रिजच्या दारावर लावा, म्हणजे अचानक कुणी विचारलं तर घरातल्या पोराटोरांनाही वाचून दाखवता येईल.